वाचकांचे प्रश्न : पोलिश कोणाला म्हणावे?

प्रश्न : माझी भाची वॉर्सामधील एका पोलिश तरुणाशी विवाह करून तेथेच स्थायिक होणार आहे. त्यांच्या मुलांना तो समाज आपले मानील का?

उत्तर : कायद्याने शंका नाही, जन्माच्या वेळी आई किंवा वडील पोलिश नागरिक असल्यास मूल जन्मतःच पोलिश नागरिक ठरते. समाजाची स्वीकृती मात्र सावकाश येते. पोलिश म्हणजे कॅथलिक आणि एकभाषक हे समीकरण आज पुरातन वाटले, तरी 1931च्या जनगणनेत जवळपास एक-तृतीयांश लोकांची मातृभाषा पोलिश नव्हती. ज्यूंचा नरसंहार, बदललेल्या सीमा आणि सक्तीची स्थलांतरे यांनी 1945 नंतर तो देश एकजिनसी केला, आणि ही हानी विसरून तिलाच परंपरा मानणे मला अन्यायाचे वाटते. राजा यान सोबिएस्कीने 1679मध्ये क्रुशिन्यानी येथे वसवलेल्या तातारांचे वंशज आजही मुस्लिम आहेत, पोलिश बोलतात आणि स्वतःला पोलिशच मानतात. (1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे राहिलेल्या पोलिश निर्वासितांपैकी काही स्त्रिया येथेच विवाह करून राहिल्या, हेही आठवावे.) 2022 नंतर युक्रेनमधून आलेल्या लाखोंमुळे तेथील शाळांत आता परभाषक मुले नवलाची राहिलेली नाहीत. भाचीने स्वतः पोलिश नेटाने शिकावी, आणि मुलांशी मात्र मराठीतच बोलावे.