टायरची नक्षी अजून खोल आहे, पण गाडी सात वर्षांची झाली. टायर बदलावेत का?

फक्त नक्षीवर जाऊ नका, आधी टायरचं वय बघा. टायरच्या बाजूच्या भिंतीवर 'डीओटी'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१८ म्हणजे २०१८ सालचा २३वा आठवडा. बाहेरच्या बाजूला आकडे दिसले नाहीत तर आतल्या बाजूला बघा, पुष्कळदा तिथेच असतात.

रबर ऊन, उष्णता आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे कडक होत जातं, गाडी उभी असली तरी. माझी गाडी फार चालायची नाही, त्यामुळे मीही निर्धास्त होतो. एकदा धुताना चाक पूर्ण वळवलं, तर नक्षीच्या खाचांच्या तळाशी केसासारख्या बारीक भेगा दिसल्या. नखाने दाबलं की उघडत होत्या. त्याच आठवड्यात चारही टायर बदलले.

पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या. दहा वर्षं झाली की नक्षी कितीही असो, टायर काढाच. भेगा किंवा बाजूला फुगवटा दिसला तर मात्र एक दिवसही थांबू नका. भरधाव गाडीचा टायर फुटणं म्हणजे जिवाशी गाठ. खाचांमधल्या छोट्या उंचवट्यांपर्यंत झीज आली, म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली, तरीही बदला.

दोनच घेणार असाल तर नवे मागे बसवा, पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असली तरी. ओल्या रस्त्यावर मागची बाजू घसरली की गाडी सावरणं फार अवघड जातं. आणि हो, स्टेपनीचेही आकडे वाचा.