म्युनिकचा इंटरव्ह्यू: विचारलंस म्हणून सांगते

तुझा प्रश्न वाचून दोन दिवस नुसतीच बसले होते. चाकणला सहा वर्षं डिझाइनमध्ये, आता म्युनिकच्या कंपनीचा व्हिडिओ इंटरव्ह्यू, बायको आणि आठ वर्षांची मुलगीही येणार, तर तयारी काय करू? मी नऊ वर्षांपूर्वी कोथरूडहून अशीच आले. वयाने मोठी आहे, म्हणून अरेतुरे करतेय.

व्हिसाचं सगळं सरकारी साइटवर आहे, ते वाच. फक्त कागदांवरची नावं आजच जुळवून बघ. माझ्या डिग्रीवर आधी आडनाव, मग माझं नाव, मग वडिलांचं, पासपोर्टवर सासरचं. दोन्ही बायका एकच, हे पटवायला इथल्या एका कचेरीत तीन खेपा घातल्या. प्रतिज्ञापत्र नेलं तर म्हणे भाषांतर आणा, भाषांतर नेलं तर म्हणे शिक्का चालत नाही. अजून आठवलं की डोकं फिरतं.

इंटरव्ह्यू गुरुवारी असेल तर इन्व्हर्टरवाल्या मित्राकडे बस, पुण्यातली लाइट तुला माहीतच आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं मागे जातात, साडेतीन तासांचा फरक साडेचार होतो. पगार सांगताना 'इन हँड' नको, वर्षाचा ग्रॉस आकडा सांग.

आणि 'आम्ही' सोड. 'आम्ही फिक्स्चर बदललं, आम्ही रिजेक्शन कमी केलं' असं मी अर्धा तास बोलत होते. समोरच्या बाईंनी दोनदा विचारलं, यात तुम्ही काय केलंत? मला वाटलं, ऐकू आलं नसेल! मी-मी करू नये असं घरी शिकवलेलं. ती नोकरी गेली. पुढच्या वेळी ओट्यापाशी उभी राहून नवऱ्यासमोर 'मी'ची वाक्यं घोकली.

शेवटी ते विचारतात, तुम्हाला काही प्रश्न? मी म्हटलं होतं, नाही, सगळं क्लिअर आहे. हेच वाक्य मी मुलाच्या शाळेतही बोलले. इथे बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, चौथीतच पुढची शाळा ठरते. जर्मन, गणित, परिसर, तिन्हींची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियम, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा. इथे १ म्हणजे सर्वांत उत्तम. त्याला गणितात २, बाकी दोन्हींत ३. म्हणजे २.६६. भाषा येऊन दोनच वर्षं झाली होती, हे वर्गशिक्षिकेला मी सांगितलंच नाही. तीन दिवसांचे चाचणी-तास देऊन प्रवेश मिळू शकतो, हे मला नंतर कळलं. तो रेआलशूलेत, म्हणजे दहावीपर्यंतच्या शाळेत, मजेत आहे, फुटबॉल खेळतो. अडकलेय ती मी.

एकटेपणाचं विचारलंयस. येतो. हिवाळ्यात जास्त.

तर प्रश्न लिहूनच बस. टीममध्ये कोण, कामाची भाषा कोणती, जर्मनचा क्लास कंपनी देते का, आणि जॉइनिंग कधी. तुझा तीन महिन्यांचा नोटीस पिरियड, वर व्हिसा. चौथीतल्या त्या सरासरीचा, पुढची शाळा ठरवणारा दाखला मे महिन्यात हातात पडतो. मुलीच्या हातात किती महिने उरतात ते आधी मोज. प्रश्न लिहून झाले की मला पाठव, बघते.