बुटांच्या खोक्यातून: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात माळ्यावरच्या बेसबॉल कार्डांबद्दल (पुढे खेळाडूचा फोटो, मागे त्याचे आकडे) चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा पाऊस पडला. निम्म्या पत्रांत एकच प्रश्न: "काकू, किंमत किती येईल?" त्याचं उत्तर खाली एकदाच देते आणि मोकळी होते.

आधी माझी लायकी सांगून टाकते. मी न्यू जर्सीत आले तेव्हा मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मुलाच्या कार्डांच्या पाठीमागे बारीक अक्षरांत छापलेले आकडे वाचून मी तो खेळ शिकले. आधी होम रन आणि आर.बी.आय.ची (फलंदाजाच्या खेळीने संघाला मिळालेल्या धावांची) बेरीज कळली, प्रत्यक्ष सामना त्यानंतर. मुलगा मोठा होऊन घराबाहेर पडला, कार्डं मागे राहिली आणि हळूहळू माझी झाली. आता प्रश्न.

माझा नऊ वर्षांचा मुलगा खाऊचे सगळे पैसे कार्डांच्या पाकिटांवर उडवतो. तीच तीच कार्डं पुन्हा निघतात. "कंपनी काही कार्डं मुद्दाम छापतच नाही," असं त्याचं म्हणणं. सरळ पूर्ण सेटच आणून दिला तर कटकट मिटेल का? (एक आई, न्यू जर्सी)

कटकट मिटेल, आणि त्याबरोबर त्याचा छंदही. पूर्ण सेटचा डबा हातात आला की मूल तो एकदा चाळतं आणि कपाटात ठेवतं. माझ्या घरात हे झालेलं आहे. वाढदिवसाला हौसेने दिलेला तो डबा अजून नव्यासारखा आहे, यावरून काय ते समजा.

पण तुमच्या मुलाची तक्रार खोटी नाही. सेट म्हणजे कंपनीने त्या वर्षी काढलेली सगळी क्रमांकवार कार्डं. ३५० कार्डांचा सेट धरा. सगळी कार्डं सारख्याच संख्येने छापली आहेत आणि नीट पिसली आहेत असं मानलं, तरी नुसती पाकिटं फोडून सेट पुरा व्हायला सरासरी सव्वादोन हजार कार्डं लागतात. एकच कार्ड राहिलं असेल तर त्या एकट्यासाठी सरासरी आणखी ३५०. पुन्हा काही सेटमध्ये ठरावीक कार्डं मुळातच कमी छापतात, ते वेगळंच. म्हणजे पाकिटं फोडून सेट पुरा करणं हा हट्ट आहे, हिशेब नव्हे.

मुद्दाम न छापण्याबद्दल सांगायचं तर एकदा तसं घडलेलं आहे. बॉस्टनच्या गाउडी गम कंपनीने १९३३ साली च्युइंगगमबरोबर कार्डं दिली, त्यात १०६ नंबरचं कार्डच नव्हतं. पोरं बिचारी १०५ आणि १०७ हातात धरून गम चघळत बसली. तक्रारीची पत्रं गेली, तेव्हा कुठे १९३४ मध्ये नॅप लाजोई या जुन्या खेळाडूचं १०६ नंबरचं कार्ड छापून पत्र लिहिणाऱ्यांना टपालाने पाठवलं. ते कार्ड आज फार दुर्मीळ आहे. हे मुलाला सांगा. तक्रार लिहायची सवय तरी लागेल.

उपाय जुनाच आहे. निम्मा सेट पाकिटांतून होऊ द्या, मग अदलाबदल. आमच्या जिन्यावर शेजारची तीन पोरं बसायची आणि एकेक जण आपली डबल कार्डं पत्त्यांसारखी सरकवायचा. समोरचा नुसतं म्हणायचा, "गॉट इट, गॉट इट, गॉट इट," आणि मध्येच एकदम "नीड इट!" त्या एका ओरडण्यात जो आनंद असायचा तो मला कुठल्याही डब्यात मिळालेला नाही. शेवटची वीस-पंचवीस कार्डं मात्र कार्ड शोमध्ये, म्हणजे कार्डांच्या बाजारात, सुटी घ्या. टेबलाखाली स्वस्त कार्डांच्या लांबलचक पेट्या असतात. यादी मुलाच्या हातात द्या आणि तुम्ही लांब उभ्या राहा.

नवं घर घेतलं तर तळघरात आधीच्या मालकाची तीन खोकी सापडली. १९८७ ते १९९१ची हजारो कार्डं, बरीच पाकिटं न फोडलेली! मालक म्हणतो, तुम्हीच ठेवा. आम्ही श्रीमंत झालो का? (एक वाचक, ओहायो)

नाही. मालकाने का सोडली ते आता लक्षात आलं ना?

हा काळ इथे "जंक वॅक्स" म्हणून ओळखला जातो. वॅक्स म्हणजे पाकिटाचा मेणकागद आणि जंक म्हणजे जंक. झालं असं, की पन्नासच्या दशकातल्या कार्डांना भाव आल्याच्या बातम्या ऐकून ऐंशीच्या दशकात ज्याने त्याने कार्डं जपून ठेवायला सुरुवात केली. १९८१ पर्यंत बाजारात टॉप्स या एकाच कंपनीचं राज्य होतं, मग फ्लीअर आणि डॉनरस आले, १९८९ मध्ये अपर डेक आली, आणि सगळ्यांनी छापखाने रात्रंदिवस चालवले. जे सगळ्यांनीच जपलं त्याला भाव कुठून येणार?

पन्नासच्या दशकातलं महाग का, तेही ऐका. टॉप्सच्या १९५२च्या सेटमधली शेवटची कार्डं बाजारात आली तेव्हा हंगाम सरत आला होता, पोरांचं लक्ष फुटबॉलकडे गेलं होतं. माल पडून राहिला. पुढे १९६०च्या सुमारास टॉप्सच्या साय बर्जर यांनी त्या उरलेल्या पेट्या बोटीत घातल्या आणि अटलांटिक महासागरात बुडवल्या. नामांकित खेळाडू मिकी मँटलचं ३११ नंबरचं कार्ड त्याच शेवटच्या खेपेतलं. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याची एक उत्तम प्रत १ कोटी २६ लाख डॉलरला गेली. बाकीची माशांनी पाहिली.

तुमच्या खोक्यांत अपर डेक १९८९चं १ नंबरचं कार्ड शोधा. ते केन ग्रिफी ज्युनियरचं, त्याला अजून मान आहे. बाकीची पाकिटं पाहुणे आले की एकेक फोडा. आतला गम मात्र खाऊ नका. तो काचेसारखा तुटतो, आणि ज्या कार्डाला चिकटलेला असतो त्यावर तपकिरी चौकोनी डाग सोडतो.

माझ्याकडे हँक ॲरनचं १९५७चं कार्ड आहे. त्यात तो डावखुरा दिसतो, पण तो तर उजव्या हाताने खेळायचा. छपाईतली चूक म्हणजे भाव चढा, बरोबर ना? (एक वाचक, टेक्सस)

कार्ड ॲरनचं आहे आणि १९५७चं आहे, म्हणून त्याला भाव आहे. चुकीसाठी वेगळा नाही. टॉप्सने निगेटिव्ह उलटी लावली आणि ती चूक कधी सुधारलीच नाही, त्यामुळे सगळ्याच प्रतींत तो डावखुरा आहे. चूक मध्येच कोणाच्या लक्षात आली आणि पुढची छपाई सुधारली गेली, तरच आधीच्या थोड्या प्रती दुर्मीळ होतात. १९९० साली टॉप्सच्या फ्रँक थॉमसच्या काही कार्डांवर पुढच्या बाजूला नावच उमटलं नाही. लोक शोधतात ती ही.

मला स्वतःला १९६९चं ऑरेलिओ रॉड्रिगेझचं कार्ड सगळ्यांत आवडतं. फोटो त्याचा नाहीच, बॅट उचलून देणाऱ्या पोराचा आहे. फोटोत ते पोर काय ऐटीत उभं आहे!

कार्डं ग्रेडिंगला, म्हणजे कंपनीकडून अवस्था तपासून दहापैकी गुण लावून घ्यायला, पाठवावीत का? आणि ठेवायची कशी? (दोघा-तिघांनी विचारलं आहे)

ठेवण्याचं आधी. पातळ प्लास्टिकचा पेनी स्लीव्ह, त्यावर टॉपलोडर म्हणजे कडक प्लास्टिकचं आवरण, याच क्रमाने. मी सुरुवातीला स्लीव्ह न घालताच कार्ड टॉपलोडरमध्ये सरकवलं आणि वर सेलोटेप मारली. काढताना टेप कार्डाला चिकटली आणि खेळाडूच्या टोपीचा रंग घेऊन आली. रबरबँड तर नकोच, कडेला खाचा पडतात. अल्बमची पानं पीव्हीसी नसलेली घ्या. आणि डिंक लावू नका. जेफरसन बर्डिक नावाच्या संग्राहकाने मात्र आपली तीस हजारांवर बेसबॉल कार्डं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिली आणि वर्षानुवर्षं तिथे बसून स्वतःच्या हाताने अल्बममध्ये चिकटवली. तुमची कार्डं मेट्रोपॉलिटनला जाणार असतील तर खुशाल लावा.

ग्रेडिंगचं म्हणाल तर मी एकच कार्ड पाठवलं. चारही कोपरे टोकदार, फोटो बरोबर मध्यभागी, मी मनात दहापैकी नऊ देऊन बसले होते. महिन्यांनी परत आलं ते सहा घेऊन. कंपनीला मनातल्या मनात बरंच काही बोलले. मग दिव्याखाली कार्ड तिरकं धरलं, तेव्हा खेळाडूच्या गुडघ्यापाशी केसाएवढी वळी दिसली. फी कार्डाच्या किमतीपेक्षा जास्त होती. तेव्हा आधी दिवा, मग टपाल.

काकू, तुमचा स्वतःचा सेट पुरा झाला का? (एक वाचक, इलिनॉय)

टॉप्स १९८७. लाकडी पट्टीसारखी कड असलेली ७९२ कार्डं. जंक वॅक्समधली अस्सल जंक, आणि माझी सगळ्यांत लाडकी. सात-आठ वर्षं माझ्याकडे ७९१ होती. राहिलं होतं ते कोणा नामांकित खेळाडूचं नव्हे, चेकलिस्टचं कार्ड! कुठली कार्डं मिळाली यावर खुणा करायच्या त्या यादीचं. ती जपतो कोण? पोरं त्यावर पेनाने खुणा करायची आणि फेकून द्यायची. शोमध्ये मी चेकलिस्ट मागितली की विक्रेते माझ्याकडे अशा नजरेने बघायचे, जणू मी भाजी न घेता नुसती कोथिंबीर फुकट मागते आहे.

शेवटी एकाच्या टेबलाखालच्या पेटीत तळाशी मिळालं. पैसे घेतले नाहीत त्याने. कोपरा दुमडलेला, आणि दोन्ही बाजूंच्या मिळून १३२ चौकोनांपैकी जवळजवळ सगळ्यांत कोणा पोराने निळ्या बॉलपेनने खुणा केलेल्या. सुरुवातीच्या खुणा नेटक्या, पुढे पुढे घाईच्या. कोऱ्या प्रतीसाठी अडून बसायला हवं होतं असं मुलगा फोनवर म्हणाला. मी नाही बसले.

त्या पोराचे तीन चौकोन रिकामे आहेत. ती तिन्ही कार्डं माझ्याकडे डबल आहेत.