दोन तासांच्या धुराने मिरची वाळत नाही

मसाल्याचे दिवस आले की माझ्याकडे तीच शंका पुन्हा पुन्हा येते: धूर दिला, मग मिरची टिकणारच ना? अन्नतंत्रज्ञ म्हणून या वेळी सगळी उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न: खिडकीच्या ग्रिलमध्ये जाळीवर मिरच्या वाळवल्या तर चालेल का? (वर्तकनगर, ठाणे)

उत्तर: एप्रिल-मेमध्ये कडक ऊन येत असेल तर चालेल. पावसाळ्यात नको.

प्रश्न: धुरासाठी सुताराकडचा भुसा वापरू का? (ऐरोली)

उत्तर: नको. त्यात प्लायवूडचा गोंद आणि पॉलिश असते. आंब्याचे किंवा बाभळीचे सुके, रंग न लावलेले लाकूड घ्या.

प्रश्न: बाल्कनीला काचा आहेत. त्या बंद करून कोळशाच्या शेगडीवर धूर दिला तर? मुलाला दमा आहे. (घोडबंदर रोड)

उत्तर: मुळीच नाही. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे धोका कळतही नाही. धूर उघड्या गच्चीवरच द्यावा, तोही सोसायटीची लेखी परवानगी घेऊन. मुलाला त्या दिवशी दूर ठेवायचे की कसे, हे त्याच्या डॉक्टरांना आधी विचारा.

प्रश्न: ताज्या लाल मिरच्यांना दोन तास धूर दिला आणि पिशवीत बांधून ठेवल्या. आठवड्यात देठाशी करडी बुरशी आली. सासूबाई म्हणतात, पुसून तेलावर भाजल्या की झाले. (कोपरखैरणे)

उत्तर: सगळ्या फेकून द्या. बऱ्या दिसणाऱ्याही. बुरशी देठाशी दिसते तेव्हा आत बियांभोवतीही असू शकते, आणि ती मिरची फोडल्याशिवाय दिसत नाही. मिरचीवर वाढणाऱ्या काही बुरशा अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. ते यकृताला घातक आहे, त्याने कर्करोग होतो. पुसल्याने ते जात नाही, घरच्या भाजण्यानेही संपत नाही. सासूबाईंचा अनुभव मोठा, पण हे विष वासाने किंवा चवीने कोणालाच ओळखता येत नाही.

मूळ चूक पिशवी बांधण्याच्या आधीची आहे. स्पेनच्या व्हेरा भागात मिरच्या ओकच्या धुरावर दहा-पंधरा दिवस ठेवतात आणि रोज हाताने उलटतात. मेक्सिकोत पिकलेल्या हालापेन्यो मिरचीची चिपोत्ले, म्हणजे धुरावर वाळवलेली मिरची, करायलाही दिवस लागतात. तिथे मंद आच इतके दिवस पाणी काढत राहते. तुमच्या दोन तासांत फक्त वास लागला, गरातले पाणी तसेच राहिले. म्हणून मिरची उभी चिरा, तास-दोन तास धूर द्या आणि लगेच डिहायड्रेटरमध्ये किंवा ओव्हनमध्ये ६० अंशांच्या आसपास वाळवा. ओव्हनचे दार किंचित उघडे असू द्या. मिरची वाकवल्यावर कट्कन मोडली पाहिजे. चिवट वाटली तर पुन्हा आत. विकायच्या अख्ख्या सुक्या मिरचीत ११ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नाही, तो नियम उगाच केलेला नाही. गार झाल्यावर काचेच्या कोरड्या बरणीत भरा. दोन दिवसांत काचेवर आतून दव दिसले तर परत वाळवा. आपल्या खाडीकाठच्या हवेत सुकी मिरची उघडी राहिली की ओल धरते, म्हणून रात्रभर ताटात ठेवू नका. कोणी त्या बुरशी आलेल्या मिरच्या खाल्ल्या असतील आणि उलट्या किंवा कावीळ दिसली तर थांबू नका, डॉक्टर गाठा.

प्रश्न: ‘स्मोक्ड’ तिखट ऑनलाइन घेतले, रंग लालभडक आहे. पाण्यात टाकून पाहिले, रंग सुटला नाही. म्हणजे शुद्ध ना? (नेरूळ)

उत्तर: नाही. तिखट लालभडक दिसावे म्हणून भेसळीत वापरला जाणारा सुदान हा कृत्रिम रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. ज्या भेसळीची भीती आहे तीच या परीक्षेत सापडत नाही. २००३ मध्ये भारतातून युरोपात गेलेल्या तिखटात हाच रंग सापडला होता. वेष्टनावर ‘स्मोक फ्लेवर’ लिहिले असेल तर त्या मिरचीने धूर पाहिलाच असेल असे नाही, आणि पैसे मात्र धुराचे घेतले जातात. संशय असेल तर मान्यताप्राप्त अन्न प्रयोगशाळेत नमुना द्या.

प्रश्न: मिरच्या चिरल्यावर हातांची आग थांबत नाही. (कळवा)

उत्तर: आधी हाताला खाद्यतेल चोळा, मग साबणाने धुवा. पुढच्या वेळी हातमोजे घाला. डोळ्यात गेले तर वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा, आणि तरीही धूसर दिसले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.