हाताने चालतं, ॲपमधून अडतं

प्रश्न : आमच्या बागायतदारांसाठी हापूसच्या पेट्या बुक करायची वेबसाइट आहे. सर्व्हर उबंटूचा, ॲप नोडमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम), सिस्टिमडीखाली (लिनक्सवर सर्व्हिसेस सुरू-बंद करणारा प्रोग्राम) चालतं. मे महिन्यात वळीव आला की लाइट जाते, एसएसएच (सर्व्हरशी दुरून केलेली जोडणी) तुटतं आणि डिप्लॉय (नवा कोड साइटवर चढवणं) अर्ध्यावर राहतं. म्हणून गिटहबचा वेबहुक (नवा कोड आल्याची आपोआप सूचना) आला की ॲपच 'एक्झेक'ने (शेलमध्ये कमांड चालवणारं नोडचं फंक्शन) स्क्रिप्ट चालवेल असं केलं : गिट पुल (नवा कोड आणणं), एनपीएम सीआय (लागणारी पॅकेजेस बसवणं), रीस्टार्ट, शेवटी साइट उघडते का ही तपासणी. हाताने स्क्रिप्ट नीट चालते. ॲपमधून 'एनपीएम : कमांड नॉट फाउंड', कोड १२७. एनपीएमचा पूर्ण पाथ दिला तर 'नोड' सापडत नाही. तरी रीस्टार्ट होतोच, आणि तपासणी कधीच होत नाही.
— एक वाचक, देवगड

उत्तर : १२७ म्हणजे शेलला कमांड सापडली नाही. आपण नोड एनव्हीएमने (नोडच्या आवृत्त्या बसवणारं साधन) बसवलेलं असणार. त्याचं फोल्डर 'पाथ'मध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) बॅशआरसी फाइलमधून येतं, आणि ती फाइल आपण लॉगिन करता तेव्हा वाचली जाते. सिस्टिमडी ती वाचत नाही. एनपीएमचा पूर्ण पाथ देऊनही भागत नाही, कारण एनपीएम ही स्वतःच एक स्क्रिप्ट आहे आणि तिची पहिली ओळ नोडला पाथमध्येच शोधते. खात्री करायची तर 'एन्व्ह' ही (अशा सेटिंग्ज दाखवणारी) कमांड एकदा एसएसएचमधून आणि एकदा ॲपमधून चालवा नि पाथ, होम, यूजर या तीन ओळी शेजारी ठेवून बघा. फरक लगेच दिसेल. मग युनिट फाइलमध्ये (ॲप कसं चालवायचं हे सिस्टिमडीला सांगणारी फाइल) 'एन्व्हायर्नमेंट' या ओळीत पाथ स्पष्ट लिहा.

एनपीएम पडूनही रीस्टार्ट झाला, कारण चूक झाली तरी शेल पुढची ओळ चालवतो. स्क्रिप्टच्या माथ्यावर 'सेट -ईयूओ पाइपफेल' हवंच, म्हणजे चूक होताच स्क्रिप्ट थांबते. आणि एनपीएम सीआय आधी नोड-मॉड्यूल्स फोल्डर पुसतं, मग नव्याने भरतं. चालू साइटच्या फोल्डरात ते करू नका. नवी आवृत्ती वेगळ्या फोल्डरात तयार करा, सगळं जमलं की मगच सिमलिंक (चालू फोल्डराकडे बोट दाखवणारा दुवा) नव्याकडे फिरवा.

खरी गाठ मात्र तपासणीत आहे. ॲपने सुरू केलेली स्क्रिप्ट ॲपच्याच कंट्रोल ग्रुपमध्ये (एका सर्व्हिसच्या सगळ्या प्रोसेसचा गट) राहते. रीस्टार्ट करताना सिस्टिमडी त्या ग्रुपमधली प्रत्येक प्रोसेस मारतो, त्यात आपली स्क्रिप्टही जाते. रीस्टार्टची आज्ञा आधीच पोचलेली असते म्हणून ॲप पुन्हा उठतं, पण पुढच्या ओळी चालवायला कोणी उरत नाही. नोडचा 'डिटॅच्ड' (प्रोसेस ॲपपासून सुटी चालवण्याचा) पर्याय इथे कामाचा नाही. ग्रुप तोच राहतो.

म्हणून डिप्लॉय ॲपने करूच नये, नुसतं कळवावं. त्यासाठी 'वनशॉट' प्रकारची (एकदा काम करून संपणारी) वेगळी सर्व्हिस बनवा. वनशॉटला सुरू होण्याची मुदत आपोआप नसते, तेव्हा 'टाइमआउटस्टार्टसेक' ६०० सेकंद लिहा. ॲपने वेबहुकची एसएचए-२५६ सही तपासायची, 'सिस्टिमसीटीएल स्टार्ट --नो-ब्लॉक' देऊन ती सर्व्हिस उठवायची आणि लगेच २०२ ('विनंती स्वीकारली') उत्तर द्यायचं. गिटहब उत्तरासाठी १० सेकंदच थांबतं. सुडोअर्समध्ये (कोणाला कोणत्या कमांडचे प्रशासकी अधिकार ते ठरवणारी फाइल) ॲपच्या यूजरला पासवर्डाविना एवढी एकच कमांड द्या, एक अक्षर जास्त नको. स्क्रिप्टचं आउटपुट जर्नलमध्ये (सिस्टिमडीच्या नोंदवहीत) जातं, त्यामुळे एक्झेकची आउटपुटवरची १ एमबीची मर्यादाही आड येत नाही. ती ओलांडली की नोड चालू प्रोसेस मारून टाकतं. डिप्लॉय चालू असताना दुसरा पुश (गिटहबवर चढवलेला नवा कोड) आला तर दुसरी प्रत उभी राहत नाही, तो पुश निसटू शकतो. स्क्रिप्टच्या शेवटी पुन्हा गिट फेच करून नवीन कमिट आलंय का बघा.

प्रश्न : वेबहुकमधून आलेलं ब्रँचचं (कोडच्या शाखेचं) नाव एक्झेकच्या ओळीत जोडलं तर चालेल?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : अजिबात नाही. गिट ब्रँचच्या नावात स्पेस चालू देत नाही. अर्धविराम, डॉलर आणि कंस मात्र चालतात. एक्झेक ती ओळ शेलला देतो, आणि शेल त्या नावातला भाग कमांड समजून चालवतो. 'एक्झेकफाइल' वापरा, नाव वेगळा आर्ग्युमेंट म्हणून द्या, आणि त्याआधी ते 'मेन' किंवा 'स्टेजिंग' यांपैकीच आहे का ते तपासा. बाकी नावं सरळ नाकारा.