संप फसला, तरी खासदार कसे?

प्रश्न : माझे वडील लालबागच्या गिरणीत साचेखात्यात होते. संप लांबला तसे ते मुंबईतला गाळा सोडून गावी आले आणि शेतीतच राहिले. कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या त्या संपातून कामगारांच्या पदरात काही पडले नसताना ते लोकसभेवर कसे निवडून आले?
– एक वाचक, आजरा (जि. कोल्हापूर)

उत्तर : १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. पगारवाढ आणि बोनस या मागण्या सर्वांच्या लक्षात राहिल्या. मात्र खरी गाठ १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात होती. या कायद्यानुसार गिरणीमालकांशी वाटाघाटी करण्याचा अधिकार केवळ मान्यताप्राप्त प्रातिनिधिक संघटनेला, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. त्यामुळे कामगार डॉक्टरांच्या मागे असले, तरी मालकांना त्यांच्याशी बोलण्याची कायदेशीर सक्ती नव्हती.

आपल्या वडिलांप्रमाणे चंदगड, आजरा, भुदरगडचे अनेक कामगार गावी परतले. गिरणगावात उरलेल्यांनी मात्र, मला वाटते, हार डॉक्टरांची मानली नाही. दार लावून बसलेल्या मालकांवर आणि सरकारवर त्यांचा राग होता. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर डिसेंबर १९८४ मध्ये काँग्रेसने चारशेहून अधिक जागा जिंकल्या, त्याच लाटेत दक्षिण-मध्य मुंबईतून डॉक्टर अपक्ष म्हणून निवडून आले. संपात जी बाजू कोणी ऐकून घेतली नाही, ती मतपेटीतून नोंदवली गेली.

पण कामगारांनी त्यांना पाठवले दिल्लीला, आणि तो कायदा होता राज्याच्या विधिमंडळाचा. डॉक्टर पूर्वी काँग्रेसमध्ये असताना त्याच विधिमंडळात आमदार होते. लोकसभेत एकट्या अपक्ष खासदाराला गिरण्यांचा प्रश्न मांडता येत होता. वाटाघाटींचा हक्क मिळवून देणे त्याच्या आवाक्यातले नव्हते. १९८९ मध्ये ही जागा शिवसेनेचे वामनराव महाडिक यांच्याकडे गेली.

१६ जानेवारी १९९७ रोजी पवईत डॉक्टरांची हत्या झाली. संप मागे घेतल्याची अधिकृत घोषणा तोवरही झालेली नव्हती.