गस्त घाला, पण काठी घरी ठेवा

मोहल्ला समिती, म्हणजे पोलीस ठाणं आणि वस्तीतले रहिवासी यांची समिती; तिला अधिकार किती आणि पोलीस ऐकत नसतील तर जायचं कुठं, याभोवतीच नागपूरच्या वाचकांचे यावेळचे बहुतेक प्रश्न फिरत आहेत. काहींना तर समितीत नाव आल्यावर गाडीच्या काचेवर ‘पोलीस’ लिहिता येतं का, एवढंच हवं आहे. येत नाही. बाकीच्यांची उत्तरं खाली.

समितीचं ओळखपत्र असलेला सदस्य संशयिताची झडती घेऊ शकतो का? (वाठोडा)

नाही. गाडी थांबवून कागद मागणंही नाही.

आमच्या ले-आउटमधल्या मोकळ्या प्लॉटवर रोज रात्री दारूची बैठक बसते. फोन केला की चार्लीवाले (मोटारसायकलवरचे गस्तीचे पोलीस) येतात, पोरं पळतात आणि अर्ध्या तासात परत हजर. पोलीस मग काय कामाचे? (हुडकेश्वर)

पोरं परत येतात, कारण तिथं अंधार आहे, कमरेएवढं गवत आहे आणि कोपऱ्यावरचा पानठेला ग्लास-पाणी पुरवतो. यातल्या दिव्याचं आणि गवताचं काम पोलिसांचं नाही. दिवा मनपाच्या झोन कार्यालयाचा. तुमचं ले-आउट नियमित केलेल्या 572 किंवा 1900 ले-आउटच्या यादीतलं असेल, तर ते मनपाकडे आलं आहे की नासुप्रकडेच (नागपूर सुधार प्रन्यास) आहे, हे आधी विचारून घ्या. नाहीतर अर्ज वर्षभर या दोन कचेऱ्यांमध्ये चेंडूसारखा फिरतो.

ठाण्याची हद्द आणि मनपाचा झोन जुळत नाहीत, त्यामुळे एकाला सांगितलेलं दुसऱ्याला कळत नाही. ठाणेदारांना लेखी विनंती करा की मोहल्ला समितीच्या पुढच्या बैठकीला झोनचा माणूसही बोलवा. ‘आमच्याकडे फार त्रास आहे’ असं मोघम लिहू नका. प्लॉट क्रमांक, विजेच्या खांबावर रंगानं लिहिलेला क्रमांक, वार आणि वेळ लिहा. असा कागद टाळणं अवघड जातं. तोवर दर वेळी 112 वरच फोन करा, कारण त्याची नोंद राहते. ओळखीच्या हवालदाराच्या मोबाईलवर केलेल्या फोनची राहत नाही.

भाडेकरूच्या पोलीस पडताळणीचे एजंट दीड हजार मागतो. द्यायचे का? (मनीषनगर)

नाही. माहिती पोलिसांच्या संकेतस्थळावर स्वतः भरा किंवा ठाण्यात नेऊन द्या आणि पोच घ्या. पोलीस आयुक्तांचा तसा आदेश लागू असताना माहिती दिली नाही, तर गुन्हा घरमालकावर दाखल होतो, एजंटवर नाही. भाडेकरार नोंदवण्याची जबाबदारीही 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं मालकावरच टाकली आहे. ‘नोटरी केली की झालं’ हे एजंटचं पालुपद आहे. शंका असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात विचारा.

चोरांची टोळी आल्याचा मेसेज फिरत होता म्हणून पोरांनी गस्त सुरू केली. परवा रात्री एक अनोळखी माणूस सापडला. त्याला बांधून चोप दिला आणि सकाळी पोलिसांच्या हवाली केलं. तर गुन्हा उलट पोरांवरच! हा कुठला न्याय? (पारडी)

बरोबर न्याय. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 नुसार सामान्य नागरिकाला एखाद्याला पकडता येतं, पण त्यानं तुमच्या डोळ्यांसमोर अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा केला असेल किंवा तो न्यायालयानं फरार घोषित केलेला असेल तरच. पकडल्यावर विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांत, त्याला पोलिसांकडे द्यावं लागतं. अनोळखी असणं हा गुन्हा नाही. चोप द्यायला तर कुठलंच कलम नाही.

याच नागपुरात, कळमना भागात, 2012 च्या मे महिन्यात तीन बहुरूप्यांना लुटारू समजून जमावानं ठार मारलं. पोटासाठी सोंग घेऊन फिरणारी माणसं होती ती. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच जणांना मारलं. ते मंगळवेढ्याकडचे भिक्षेकरी डवरी गोसावी होते. दोन्हीकडे मारणाऱ्यांना आपण वस्ती राखतोय असंच वाटत होतं.

तुमच्याकडचा मेसेज पुन्हा वाचा. तारीख आहे? कोणत्या ठाण्याची हद्द, कोणता गुन्हा, काही आहे? बहुतेक वेळा नसतं. ‘आलं तसं पुढं पाठवतोय’ म्हणून सुटका होत नाही, पाठवणाराही अडकतो. खात्री ठाण्यात फोन करून करा, ग्रुपवर नाही.

काही जण लगेच 2004 चं अक्कू यादव प्रकरण पुढं करतात. कस्तुरबानगरच्या बायकांनी त्या गुंडाला न्यायालयाच्या आवारात संपवलं. त्याआधी वर्षानुवर्षं त्यांचं गाऱ्हाणं कोणी धड ऐकलं नव्हतं. त्यातून शिकायचं ते तक्रार लावून धरायला. दगड उचलायला नव्हे.

गस्त घालायचीच असेल तर आधी ठाणेदारांना भेटा. कोण, कुठल्या रात्री, कुठल्या गल्लीत, ही यादी सह्यांनिशी द्या आणि बीटच्या शिपायाची ओळख करून घ्या. हातात टॉर्च आणि शिट्टी, बस. काठी, रॉड, हॉकी स्टिक घरी. प्यायलेल्याला गस्तीत घेऊ नका. अनोळखी माणूस दिसला तर, ‘कोणाकडे जायचं दादा?’ असं विचारा आणि त्या दारापर्यंत सोबत जा. उत्तर पटलं नाही तर दुरून नजर ठेवा आणि 112 ला कळवा. तुमच्या पोरांचं म्हणाल तर आजच फौजदारी वकील गाठा.

ठाण्यात ‘आमची हद्द नाही’ म्हणून तीन आठवड्यांपूर्वी परत पाठवलं. आता काय? (जरीपटका)

तीन आठवडे थांबलात कशाला? नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीबाहेरची असली तरी घ्यावी लागते आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. ऑनलाइन खबर दिलीत तर तीन दिवसांत जाऊन सही करा. ठाण्यानं नकार दिला तर तीच तक्रार टपालानं परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना पाठवा. तिथंही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकारी आहेत. पण त्यासाठी वकील असलेला बरा. ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. आणि हातात कागद मिळाला की तो एफआयआर आहे की एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद), हे तिथंच वाचा. एनसीवर न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास होत नाही.

कॅमेरेवाला म्हणतो, सोळा कॅमेरे लावा, चोर फिरकणार नाही. खरं का? (त्रिमूर्तीनगर)

सोळा विकणं हा त्याचा धंदा आहे. फाटकावर एक, जिन्यावर एक, पण चेहरा दिसेल अशा उंचीवर. डीव्हीआरचं, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं, घड्याळ बरोबर आहे का ते बघा. हार्डडिस्क भरली की जुनं चित्रण पुसलं जातं, म्हणून चोरी झाली की त्याच दिवशी पोलिसांना सांगा. पडद्याचं मोबाईलवर शूटिंग करून फिरवणं हा पुरावा नव्हे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, ते कसं द्यायचं हे तपास अधिकाऱ्याला विचारा. शेजाऱ्याच्या खिडकीकडे कॅमेरा वळवू नका.

गावाला जाताना ठाण्यात कळवावं का? (नंदनवन)

हो, लेखी. शेजाऱ्याला विचारून त्याचा मोबाईल नंबरही अर्जात लिहा.